दाढीचा फेस: साबण भरपूर, पाणी थेंबाथेंबानं

फेस खूप आला म्हणजे चांगला आला, असं बहुतेक जण समजतात. मानेची आग, पुरळ, कातडीत उलटे वळलेले केस, यांतलं बरंचसं दुखणं याच समजातून येतं. फेसाला दोन कामं असतात. केसाला पाणी धरून ठेवायचं आणि पातं घसरू द्यायचं. उंच, पांढरा, जाहिरातीतल्यासारखा फेस या दोन्ही कामांत नापास होऊ शकतो.

साबण दाढीचाच हवा, मग ती गोल वडी असो, कांडी असो की ट्यूबमधलं क्रीम. अंघोळीचा साबण नको. त्याचे बुडबुडे मोठे असतात आणि पाहता पाहता फुटतात. दाढीच्या साबणात स्टिअरिक आम्ल भरपूर असतं आणि सोडियमच्या जोडीला पोटॅशियमचा साबणही असतो. त्यामुळे फेस बारीक, दाट होतो आणि टिकतो. ब्रश कुठलाही चालेल. डुकराच्या केसांचा असेल तर तोंड धुण्याआधीच पाण्यात घालून ठेवा, त्याला भिजायला चार-पाच मिनिटं लागतात. बॅजर या प्राण्याच्या केसांच्या ब्रशला मिनिटभर पुरतं, सिंथेटिक नुसता ओला केला तरी भागतं. पाणी कोमट घ्या. उकळत्या पाण्यानं ब्रशच्या गाठीतला गोंद सुटतो आणि केस गळायला लागतात.

अंघोळ करून आलात तर उत्तम, नाहीतर दाढी दोन-तीन मिनिटं कोमट पाण्यानं भिजवा.

आता साबण उचलायचा. ब्रश झटका, ओलसर राहू द्या, निथळता नको. वडीवर तीस-चाळीस सेकंद गोल गोल घासा. दहाव्या सेकंदाला वर बुडबुडे दिसतात आणि लोक तिथंच हात आवरतात. ते साबणाचं पाणी आहे, साबण नव्हे. घासत राहा. बुडबुडे जाऊन टूथपेस्टसारखा चिकट लगदा ब्रशच्या टोकांना बसला पाहिजे. क्रीम असेल तर बदामाएवढं घ्या. साबण कमी पडला की पुढची सगळी मेहनत वाया जाते, त्यामुळे इथं काटकसर करू नका. वडी तरीही महिनोन्‌महिने पुरते.

खरी परीक्षा यापुढं, पाणी घालताना. मी इथंच दोन वर्षं चुकत होतो.

तो लगदा वाटीत किंवा सरळ गालावर घोळायला घ्या. बोटं पाण्यात बुडवून पाच-सहा थेंब ब्रशवर सोडा आणि पंधरा-वीस सेकंद घोळा. पाणी पूर्ण मुरलं की पुन्हा पाच-सहा थेंब. दोन-तीन वेळा असं केलं की फेस एकदम फुगतो. पांढराशुभ्र, ताठ, ब्रश उचलला की शेंडे उभे राहतात. टांगून ठेवलेल्या चक्क्यासारखा दिसतो. मी इथं थांबायचो, कारण याहून सुंदर फेस असूच शकत नाही असं वाटायचं. रोज मान लाल व्हायची. मी पाती बदलली, रेझर बदलला, साबण बदलला. फेसावर कधी संशयच घेतला नाही.

आमच्या भागातल्या सलूनमधल्या काकांचा हात एकदा नीट पाहिला तेव्हा उलगडा झाला. माझ्या दृष्टीनं फेस तयार झाल्यावरही त्यांनी ब्रशचं टोक तीनदा पाण्याला लावलं आणि दर वेळी घोळून घेतलं. फेस खाली बसला, उंची गेली आणि त्यावर चकाकी आली. चकाकी हीच खूण आहे. चक्क्यासारखा फेस कोरडा असतो. त्यात साबण आणि हवा आहे, पाणी पुरेसं नाही. तो केसांतलंच पाणी ओढून घेतो, गालावर वाळतो आणि पातं अडखळतं. हवा तो फेस साईच्या दह्याला चांगलं फेटल्यावर दिसतो तसा असतो: दाट, गुळगुळीत, चमकदार, शेंडा उभा न राहता मऊ वाकणारा. उघड्या डोळ्यांना बुडबुडा दिसता कामा नये.

डोळ्यांवर विसंबायचं नसेल तर बोटांना विचारा. चिमूटभर फेस अंगठा आणि तर्जनीत चोळा. बोटं चिकटली, ओढली गेली तर पाणी घाला. तेल लावल्यासारखी सरकली तर झालं. फेस लगेच विरून बोटांवर नुसतं साबणाचं पाणी उरलं तर पाणी जास्त झालं. तेव्हा घोळत बसून उपयोग नाही, ब्रश पाच-सात सेकंद पुन्हा वडीवर फिरवून साबण वाढवा.

एक काम मात्र जरूर करा. सुट्टीच्या दिवशी, दाढी न करता, वाटीत फेस करायला बसा आणि थेंबाथेंबानं पाणी घालत तो मुद्दाम मोडेपर्यंत जा. चक्का, मग दही, मग ताक, हा सगळा प्रवास एकदा हाताखालून गेला की नेमकं कुठं थांबायचं ते कळतं. दोन वर्षं रोज अंदाजानं करून जे मला आलं नाही, ते या एका सकाळी आलं.

इतकं करूनही फेस धरत नसेल तर पाणी तपासा. शाळेत सुफेन आणि दुष्फेन, म्हणजे मऊ आणि जड पाणी शिकलो होतो, ते इथं अक्षरशः आडवं येतं. दुष्फेन पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी जुळून न विरघळणारा साका करतं, आणि जो साबण फेस व्हायचा तो वाटीच्या कडेला राखाडी चोथा होऊन बसतो. धरणाचं नळाचं पाणी बहुधा मऊ असतं, बोअरवेलचं बऱ्याचदा जड. पाण्याच्या बाटलीत साबणाचा कीस टाकून हलवा. फेसाऐवजी पांढुरका साका तरंगला की समजा. अशा ठिकाणी फेसापुरतं अर्धी वाटी फिल्टरचं आरओ पाणी घ्या, किंवा पाणी उकळून, थंड करून, वरचं निवळ वापरा. उकळून सगळा जडपणा जात नाही, पण भांड्याच्या तळाशी जेवढा पांढरा थर बसतो तेवढा कमी होतो. साबणही नेहमीपेक्षा जास्त उचला.

चेहऱ्यावर लावताना आधी गोल गोल, केसांच्या मुळाशी फेस पोचेल असा मिनिटभर घोळा, मग रंग दिल्यासारखे सरळ हात मारून सारखा करा. ब्रश मुळापर्यंत दाबून चिरडू नका. आणि पंखा बंद करा. उन्हाळ्यात पंख्याखाली केलेला उत्तम फेस दुसरा गाल येईपर्यंत कागदासारखा वाळतो.

दाढी करा. दुसऱ्यांदा पातं फिरवण्याआधी चेहरा ओला करून नवा फेस लावा. एव्हाना ब्रशमधला फेस थोडा सुकलेला असतो, त्याला दोन-तीन थेंब द्या. फेस न लावता नुसत्या ओल्या गालावर पातं फिरवू नका, अगदी मिशीखालच्या एका केसासाठीसुद्धा.

ब्रश साबण निघेपर्यंत धुवा, झटका, हवेशीर ठेवा. जड पाण्यामुळं केस चिकट झाले असतील तर पाण्यात थोडं व्हिनेगर घालून पंधरा मिनिटं बुडवा आणि पुन्हा धुवा.

शेवटी ओल्या चेहऱ्यावर तुरटी फिरवा आणि कुठं झोंबते ते लक्षात ठेवा. तिथं फेस कोरडा होता किंवा पातं दाबलं गेलं. मला अजूनही कधी कधी हनुवटीखाली डावीकडं झोंबते. मग दुसऱ्या दिवशी तिथं फेस लावताना ब्रशचं टोक एकदा जास्त पाण्याला लावतो.