इंकजेट प्रिंटरने थेट तांब्यावर सर्किट छापायचं असेल तर

एकच सर्किट बोर्ड हवा असेल तर प्रिंटर खोलू नका, लेझर प्रिंट इस्त्रीने तांब्यावर उतरवून भागतं. महिन्याला चार-पाच बोर्ड लागत असतील आणि माळ्यावर जुना एप्सन पडून असेल, तरच हा खटाटोप परवडतो. एप्सनच का, तर त्याच्या हेडमध्ये, म्हणजे शाई फवारणाऱ्या भागात, वीज दिल्यावर वाकणारा पिझो स्फटिक शाई ढकलतो. एचपी-कॅननच्या बहुतेक इंकजेटमध्ये शाई तापवून बुडबुड्याच्या जोरावर फेकतात, तिथे भलती शाई हेडमध्येच करपते.

शाई मात्र पिगमेंटची, म्हणजे रंगाचे बारीक कण असलेली हवी. टाकीवाल्या घरगुती प्रिंटरमध्ये बहुधा डाय, म्हणजे विरघळलेल्या रंगाची शाई असते आणि ती फेरिक क्लोराइडमध्ये, म्हणजे शाईखालचं सोडून बाकी तांबं खाणाऱ्या द्रावणात, धुऊन जाते. काळी टाकी आणि नळी पूर्ण धुऊन मगच पिगमेंट भरा, दोन्ही मिसळल्या तर गाठी होतात.

खरी कसरत उंचीची. ग्लास इपॉक्सी बोर्ड १.६ मिमी आणि त्याखाली अ‍ॅल्युमिनियमचा १ मिमी पत्रा (बोर्ड यावर बसवून प्रिंटरमध्ये सरकवायचा), मिळून २.६. कागद जेमतेम ०.१ मिमीचा, म्हणजे हेड २.५ मिमी वर घ्यावं लागतं. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात ०.८ मिमीचा बोर्ड मिळाला तर १.७ वर काम होतं, जरूर विचारून बघा. प्लग काढा, हेडची दांडी ज्या स्क्रूंवर बसते ते सैल करून दोन्ही टोकांना सारखे वॉशर घाला आणि व्हर्नियरने मोजा. एक टोक खाली राहिलं तर बोर्डाच्या त्या बाजूच्या रेषा पसरतात.

नुसती दांडी उचलून मोकळं व्हायचं नाही. तिच्यामागची बारीक रेघांची पारदर्शक पट्टी, म्हणजे एन्कोडर, तेवढीच वर घ्या, आणि तिला तेलकट बोट लावू नका. उजवीकडे हेड झाकणारं रबरी बूचही तितकंच उचला. बहुतेकांचा प्रिंटर बिघडतो तो इथेच: बूच खाली राहतं, हेड उघडं पडतं, आणि दोन-चार दिवसांत पिगमेंट सुकून नोझल बंद.

मागचा कागदाचा ट्रे काढून पत्रा सरळ आत जाईल अशी वाट करा. पुढची दातेरी चाकं ओली शाई ओरबाडतात, तीही काढा. पत्र्यावर बोर्डाच्या पुढे आणि मागे तेवढ्याच जाडीच्या भंगार बोर्डाच्या पट्ट्या चिकटवा आणि त्यांची बाहेरची कड कानशीने उतरती करा, नाहीतर रोलर पायरीवर चढताना झटका बसतो आणि तिथेच रेष तुटते. पत्र्याला भोक नको. कागद ओळखणारी काळी पट्टी त्यात पडली की प्रिंटर कागद संपला असं समजून अर्ध्यावर थांबतो.

आधी पत्र्यावर साधा कागद चिकटवून छापा आणि त्या छापावरच बोर्ड डबलटेपने बसवा. कायकॅडमध्ये (बोर्ड आखायचं सॉफ्टवेअर) खालचा तांब्याचा थर मिरर करूनच छापायचा, इस्त्रीच्या पद्धतीच्या नेमका उलट. बोर्डावर अक्षरं सुलट वाचता आली म्हणजे बरोबर. फक्त काळी शाई, उत्तम दर्जा, हायस्पीड बंद. सुरुवातीला रेषा ०.५ मिमी आणि अंतर ०.४ ठेवा.

चकचकीत तांब्यावर शाईचे थेंब गोळा होतात. स्कॉचब्राइटने घासा, दहा-पंधरा सेकंद फेरिकमध्ये बुडवून चमक मंद करा, धुवा, वाळवा, अ‍ॅसिटोनने पुसा. पावसाळ्यात बोर्ड आधी कोमट करून घ्या, मुंबईच्या हवेत शाई तासन्‌तास ओली राहते.

छापलं की शाई पुसली जाऊ न देता १८०–२०० अंशांवर १०–१५ मिनिटं भाजा. ओटीजी वेगळा हवा, केकचा नको, आणि खिडकी उघडी. गार झाल्यावर ओल्या कापसाने घासा, काळं निघालं तर पुन्हा भाजा. तपकिरी पेपर फिनॉलिक बोर्डाला इतक्या उष्णतेत फुगे येतात.

फेरिक क्लोराइडचे खडे पाण्यात थोडे थोडे टाका, उलट कधीच नाही, द्रावण सणकन तापतं. ट्रे प्लास्टिकचा. अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा आणि स्टीलचा चमचा त्यापासून दूर ठेवा. भाजलेला बोर्ड त्यात बुडवा: ४० अंशांवर, ट्रे हलवत ठेवला तर उघडं तांबं साधारण १५ मिनिटांत जातं. हातमोजे आणि चष्मा घाला, लादीवरचा डाग जात नाही. उरलेली शाई थिनरने पुसा. वापरलेल्या द्रावणात तांबं असतं, मोरीत ओतू नका. धुण्याचा सोडा हळूहळू घालून गाळ बसू द्या (फेस येतो, बादली मोठी घ्या), गाळ वाळवून चिठ्ठी लावलेल्या डब्यात घातक कचरा म्हणून वेगळा ठेवा.

बोर्ड झाल्यावर प्रिंटर तसाच सोडू नका. आठवड्यातून एकदा नोझल चेक काढा, पिगमेंट आळशी माणसाला माफ करत नाही.