घरी पेशंट आणताय? या चुका टाळा

मिरजेतल्या दवाखान्यातून डिस्चार्ज मिळाला की घरचे लोक दोन तासांत सगळी जमवाजमव करतात. भाड्याची कॉट येते, एअर बेड येतो, डायपरचे गठ्ठे येतात, माणसं पुरवणाऱ्या ब्युरोतून पेशंट सांभाळायला एक मावशी येते. दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला जातो. आणि पंधरा-वीस दिवसांनी मला फोन येतो, "सिस्टर, जरा येऊन बघता का? पाठीला थोडं लाल झालंय."

मी १६ वर्षं वॉर्डात काढली. गेली ९ वर्षं सांगली, मिरज, कुपवाड आणि इकडं तासगावपर्यंत घरोघरी ड्रेसिंगला जाते. 'थोडं लाल' म्हणजे काय ते खोलीच्या दारातच कळतं, कारण वास आधी येतो. घरं वेगळी, माणसं वेगळी, पण चुका त्याच त्याच. बहुतेक घरांत पैशाची किंवा मायेची कमतरता नसते. पेशंटचं अंग रोज कुणी उघडून बघत नाही आणि बघितलेलं कुणी लिहून ठेवत नाही, तिथं सगळं बिघडतं.

एअर बेड आहे, मग कूस कशाला बदलायची?

सांगलीच्या गावभागातल्या एका आजींचं सांगते. वय ८१, खुब्याचं ऑपरेशन झालेलं. मुलं-सुना जीव लावणाऱ्या. एअर बेड होता, पंपाची घरघर चालू होती. मी आजींना कुशीवर घेतलं तर माकडहाडापासून खाली सगळं पिवळंजर्द. आमच्या सांगलीत हळदीला काय तोटा! थोरल्या सूनबाई सकाळ-संध्याकाळ खोबरेल तेलात हळद कालवून मनापासून लावत होत्या. मी सलाईनमध्ये गॉज भिजवून तो थर हळूहळू काढायला लागले. तीन गॉज नुसते पिवळे निघाले. चौथ्याला काळं लागलं. खालची कातडी मेली होती, रुपयाच्या नाण्याएवढी, आणि कडेला बोट टेकवलं तर आत पोकळी लागली. पुढच्या आठवड्यात सर्जननी मेलेला भाग काढला तेव्हा आत हाड दिसलं. जखम भरून यायला साडेसात महिने गेले.

जखम केली ती दाबानं. हळदीनं काय केलं, तर पहिल्या दिवशीचा लाल डाग कुणाला दिसूच दिला नाही. म्हणून मी पाठीला हळद, पावडरचा थर, कसलाही लेप लावू देत नाही. कातडी कोरडी, स्वच्छ आणि डोळ्यांना दिसेल अशी उघडी हवी. लाल दिसलेल्या जागी बोट दाबून उचला. जागा पांढरी होऊन पुन्हा लाल झाली तर तिथलं रक्त अजून फिरतंय. बोट दाबून उचललं तरी जागा तशीच लाल राहिली तर तो बेडसोअरचा, म्हणजे पडून राहून दाबानं होणाऱ्या जखमेचा, पहिला टप्पा आहे, त्याच दिवशी फोन करा. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. तिथं हाताला गरम किंवा टणक लागतंय का आणि जांभळट झाक आहे का ते बघायचं.

त्या घरातल्या एअर बेडचीही तपासणी केली. वर रबरशीट, त्यावर चार घड्यांची गोधडी, कारण आजींना गादी टोचत होती म्हणे. हवेच्या गादीवर एवढे थर टाकले की तिचा उपयोग संपला, एक पातळ सुती चादर पुरे. पंपाची नळी कॉटच्या चाकाखाली दबलेली. पंप चालू, पण गादीत हवा नाही. तुमच्या घरी एअर बेड असेल तर आज तळहात वर करून गादीच्या खाली, बरोबर पेशंटच्या माकडहाडाखाली घाला. हात आणि पेशंट यांच्यामध्ये इंचभर तरी फुगलेली गादी लागली पाहिजे. हाताला हाड लागलं तर पेशंट सरळ कॉटवरच झोपलाय असं समजा.

आणि गादी चांगली फुगली तरी दर २ तासांनी कूस बदलायचीच. डावी, पाठ, उजवी. पूर्ण आडवं कुशीवर करायचं नाही, नाहीतर सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. पाठीमागं उशी घालून साधारण ३० अंश कलतं ठेवायचं. टाच गादीला टेकता कामा नये, उशी पोटरीखाली घ्यायची. वर सरकवताना काखेत हात घालून ओढू नका, कातडी सोलते. कमरेखाली जुन्या सुती साडीची घडी कायम ठेवा आणि दोघांनी दोन्हीकडून ती साडी उचला. लाल जागेवर मालीश नाही, स्पिरिट नाही, रबरी रिंग तर अजिबात नाही, रिंगेच्या कडेनं उलट दाब वाढतो.

माझी सवय अशी की पहिल्याच दिवशी कॉटच्या दांडीला दोऱ्यानं एक वही आणि पेन बांधते. वेळ आणि कूस, बस. "८ डा, १० पा, १२ उ." लिहिलेलं नसेल तर ते झालेलं नाही असं मी धरते. मग रात्री २ वाजता कोण उठणार, हा प्रश्न वहीच विचारते. एकटी मावशी २४ तासांच्या ड्युटीवर ठेवून तिच्याकडून दिवसरात्र दर २ तासांनी कूस बदलून घेणं माणसाच्या शक्तीबाहेरचं आहे. तिलाही झोप लागते. १२-१२ तासांच्या दोघी ठेवा, नाहीतर रात्रीच्या वेळा घरच्यांनी वाटून घ्या. पैसे वाचवायचा तिसरा मार्ग नाही. जिथं तो शोधतात तिथं मला पुढं सहा महिने ड्रेसिंगला जावं लागतं.

इन्सुलिनची सुई: रंग बघू नका, आकडा वाचा

ही चूक मला झोपेतही आठवते, कारण त्या दिवशी सकाळी मी त्या घरात जाऊन आले होते.

विश्रामबागेतले एक काका, अर्धांगवायू झालेला, संध्याकाळी २० युनिट इन्सुलिन. नेहमीची बाटली ४० ची, म्हणजे १ मिलीत ४० युनिट. ती संपली. मुलगा घाईत मेडिकलमध्ये गेला आणि त्याच नावाच्या औषधाचं, इन्सुलिन पेनमध्ये घालायचं कार्ट्रिज (औषधाची छोटी नळी) घेऊन आला. ते १ मिलीत १०० युनिटचं. घरात पेन नव्हतं. मावशीनं नेहमीची ४० ची सिरिंज घेतली, कार्ट्रिजमधून २० च्या रेघेपर्यंत औषध ओढलं आणि टोचलं. सिरिंज २० दाखवत होती, अंगात गेले ५०.

रात्री नऊला फोन आला, बाबा घामानं भिजलेत आणि काहीतरी असंबद्ध बोलतायत. मी पोचले तेव्हा साखर ३८ होती आणि काका हाकेला नीट ओ देत नव्हते. सूनबाई चमच्यानं साखरपाणी पाजायला बघत होत्या, ते आधी थांबवलं. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात काही घातलं तर ते फुप्फुसात जातं. १०८ ला फोन, दवाखान्यात शिरेतून डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं सलाईन. इन्सुलिन लांब टिकणारं होतं, त्यामुळं रात्रभर दर तासाला साखर तपासत बसावं लागलं. काका वाचले. मावशी पहाटेपर्यंत दवाखान्याच्या पायरीवर रडत होती. तिला कुणी कधी शिकवलंच नव्हतं.

४० च्या सिरिंजचं टोपण लाल असतं, १०० च्या सिरिंजचं नारिंगी. रात्री ट्यूबलाइटखाली हे दोन रंग जवळजवळ सारखेच दिसतात. म्हणून मी रंगावर विसंबत नाही. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा मोठ्यानं वाचायचा, दोन्ही जुळले तरच औषध ओढायचं. आता मी प्रत्येक घरी फ्रिजच्या दारावर मार्करनं '४०' किंवा '१००' लिहून चिकटवते, आणि जो आकडा लागत नाही त्याच्या सिरिंज घरातून बाहेर काढते. कार्ट्रिजमधून सिरिंजनं औषध ओढायचंच नाही. दुकानात नेहमीचं नसेल तर 'त्यातलंच दुसरं' आणू नका, डॉक्टरांना फोन करा.

पेशंट शुद्धीवर असेल आणि साखर ७० च्या खाली असेल तर ३ चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपलेली असेल तर तोंडात काही नाही, थेट १०८.

बाकीच्या, पण रोज दिसणाऱ्या

नाकातल्या नळीनं आडवं ठेवून भरवणं. डोक्याची बाजू ३० ते ४५ अंश वर हवी, आणि भरवून झाल्यावर तासभर तशीच. पेज पिस्टननं ढकलू नका, सिरिंज वर धरा, ती आपोआप उतरते. घाई करणाऱ्याला मी त्या खुर्चीवरून उठवते. आधी नाकापाशी नळीवर केलेली खूण जागेवर आहे का बघायची. नळी निसटली तर पुन्हा आत सरकवायची नाही, ते सिस्टरचं काम.

लघवीची पिशवी पेशंटच्या पोटावर ठेवून कूस बदलणं. लघवी उलटी जाते आणि चार दिवसांनी थंडीताप भरतो. पिशवी कायम कमरेच्या खाली, पण फरशीला न टेकलेली.

ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत देव्हारा. समई, उदबत्ती, गॅस, काहीच नको. देवघर दुसऱ्या खोलीत हलवा, देव रागावत नाही. आणि सीओपीडीच्या (फुप्फुसाच्या जुनाट आजाराच्या) पेशंटचा ऑक्सिमीटर ९० दाखवतोय म्हणून आपल्या मनानं लिटर वाढवू नका. अशा बऱ्याच पेशंटना ८८ ते ९२ हेच बरोबर असतं, आणि जास्तीच्या ऑक्सिजननं त्यांना गुंगी येते.

बीपीची गोळी दिवसाच्या मावशीनं दिली, रात्रीच्या मावशीनंही दिली. ड्युटी बदलताना तोंडी निरोप चालत नाही, त्याच वहीत लिहा.

वापरलेली सुई डायपरमध्ये गुंडाळून घंटागाडीत. ती कचरा वेचणाऱ्या बाईच्या हातात घुसते. जाड प्लास्टिकचा डबा ठेवा, भरला की झाकण चिकटवून दवाखान्यात द्या.

आणि माणूस घेताना "चांगली बाई पाठवा" एवढंच म्हणू नका. आठ दिवसांच्या कोर्सचं सर्टिफिकेट घेऊन आलेली मुलगी स्पंजिंग करेल, भरवेल, प्रेमानं बोलेल. कॅथेटर (लघवीची नळी) बदलणं, सलाईन लावणं तिच्याकडून करून घेणं हा तिच्यावरही अन्याय आहे. नर्सिंगमधला एएनएमचा कोर्स २ वर्षांचा, त्यापुढचा जीएनएमचा ३ वर्षांचा असतो, तो उगीच नाही. सिस्टर म्हणून कुणी येत असेल तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागा. खरी सिस्टर रागावत नाही, कार्ड काढून दाखवते. ब्युरोला पोलीस पडताळणीचा कागद मागा. दुसऱ्या बाजूनं, त्या मावशीला वेळेवर जेवण, झोपायला जागा आणि आठवड्याची सुट्टी द्या. उपाशी, जागरणानं थकलेल्या माणसाकडून सुरक्षित काम होत नाही.

पूर

हे सांगलीकरांसाठी खास. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी घरात शिरल्यावर पेशंट हलवायची धावपळ झाली. ऑक्सिजनवरचा माणूस होडीत चढवणं काय असतं ते ज्यानं केलंय त्यालाच माहीत. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट धोक्याची. गावभाग, सांगलीवाडी, शामरावनगरात अंथरुणाला खिळलेला पेशंट असेल तर ४५ ची वाट बघायची नाही. ४० कडे पाणी चढताना दिसलं की दिवसाउजेडी नातेवाइकांकडं हलवा. लाइट गेली की कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढणारं यंत्र) बंद आणि एअर बेडही बंद, हे लक्षात घ्या.

एक पिशवी तयार हवी. डिस्चार्ज कार्ड प्लास्टिकमध्ये, औषधांची यादी, आठ दिवसांच्या गोळ्या, लघवीची जादा पिशवी, डायपर, चादर. ऑक्सिजन लागत असेल तर भरलेला सिलिंडर. दर जूनच्या पहिल्या आठवड्यात मी माझ्या पेशंटांच्या घरी ही पिशवी उघडून बघते. गेल्या वर्षी दोन घरांत सिलिंडर भरलेला होता, पण तो उघडायची किल्ली नव्हती.