फेरमोजणी फॉलो करणार असाल तर आधी एवढी तयारी करून ठेवा

निकाल अगदी काठावर आलाय, फेरमोजणी लागलीये, आणि आता आठवडाभर तरी हेच चालणार असं दिसलं की सगळ्यात आधी एक वही घ्या, फोनमधली नोट पण चालेल, पण लिहून ठेवायचंच, कारण रोज बदलणारे आकडे डोक्यात राहत नाहीत आणि मग जो मोठ्याने बोलतो त्याचा आकडा खरा वाटायला लागतो. वहीत नुसती आघाडी लिहू नका. तिच्या शेजारी अजून दोन आकडे हवेत: किती मतपत्रिकांवर आक्षेप आहे, आणि टपाली मतांची किती पाकिटं अजून उघडलीच नाहीयेत किंवा बाद केलीयेत. आघाडी २०० ची आणि न उघडलेली पाकिटं ९०० असतील तर अजून कोणी जिंकलेलं नाहीये, एवढं साधं गणित आहे, पण टीव्हीवर ते दोन आकडे शेजारी शेजारी दाखवतच नाहीत.

हे मी अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या २००८ च्या सिनेट निवडणुकीवरून शिकलो. जवळजवळ २९ लाख मतं, आणि फेरमोजणीच्या आधी रिपब्लिकन उमेदवार नॉर्म कोलमन फक्त २१५ ने पुढे. फेरमोजणीत डेमोक्रॅटिक उमेदवार अल फ्रँकन ४९ ने पुढे गेले, मग चुकून बाद झालेली ९३३ टपाली मतं उघडली आणि आघाडी २२५ झाली, आणि कोर्टात अजून काही पाकिटं उघडल्यावर शेवटी ३१२. म्हणजे निकाल फिरला तो फेरमोजणीत, पण पक्का झाला तो पाकिटांमुळे.

दुसरं, नियम आधीच वाचून ठेवा. फेरमोजणी आपोआप लागते का कोणी मागावी लागते, हाताने होते का मशीनने, आणि कुठली खूण ग्राह्य धरतात, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. भारतात १९६१ च्या निवडणूक संचालन नियमांतला नियम ६३ बघा, उमेदवाराने किंवा त्याच्या एजंटने कारणं देऊन लेखी मागणी करायची, आणि ती अधिकाऱ्याने निकाल जाहीर करायच्या आत, नंतर धावपळ करून उपयोग नाही. मिनेसोटात मतदाराचा हेतू कळत असेल तर मत धरतात, पण मतपत्रिकेवर ओळख पटेल अशी सही वगैरे असेल तर बाद. हे माहीत नसेल तर पुढचे सगळे वाद नुसते ऐकत बसावे लागतात.

वादग्रस्त मतपत्रिकांचे फोटो बाहेर आले तर कोणाचंही मत वाचायच्या आधी स्वतः बघा, आणि शक्य असेल तर उमेदवारांची नावं अंगठ्याने झाकून बघा. खरंच करून बघा हे, आपला उमेदवार असला की आपल्याला अर्धवट भरलेला गोल पण पूर्ण दिसतो (तिथे मत देताना नावासमोरचा गोल काळा करतात). मिनेसोटातली एक मतपत्रिका मी कितीतरी वेळ बघत बसलो होतो: फ्रँकनच्या नावासमोरचा गोल नीट काळा केलेला, आणि खाली, यादीत नसलेल्या कोणाचं नाव मतदाराने लिहायच्या रेघेवर 'सरडेमाणसं' अशा अर्थाचे दोन शब्द आणि तिथलाही गोल भरलेला. फ्रँकनचे वकील म्हणाले अशी कोणी व्यक्तीच नाही म्हणून मत आमचं, पण आक्षेपांवर निर्णय देणाऱ्या राज्याच्या मंडळाने दोन ठिकाणी खूण म्हणून ते बाद केलं. मला वाटतं ते बरोबरच होतं, पण मत बनवायला मला वेळ लागला आणि तो वेळ द्यायलाच हवा.

रोजच्या आघाडीवर मात्र विश्वास ठेवू नका. आक्षेप घेतला की ते मत तात्पुरतं बाजूला जातं, म्हणजे ज्याच्या मतांवर जास्त आक्षेप त्याचा आकडा खाली दिसतो, प्रत्यक्षात काही हरवलेलं नसतं. मिनेसोटात साडेसहा हजारांहून जास्त आक्षेप होते आणि त्यातले बहुतेक दोन्ही बाजूंनी नंतर मागे घेतले.

आणि खरंच काही हरवलं तर? मिनियापोलिसच्या एका केंद्रातल्या १३३ मतपत्रिका फेरमोजणीच्या वेळी सापडल्याच नाहीत, तेव्हा मतदानाच्या रात्रीचा मशीनचा आकडा धरला. म्हणून अशी बातमी आली की लगेच घोटाळा म्हणून फॉरवर्ड करू नका, आधी विचारा की त्या केंद्रावर किती जणांनी सही करून मत दिलं होतं आणि पहिल्या मोजणीत किती निघाली होती.

कॅलेंडर मोठं ठेवा. ४ नोव्हेंबर २००८ ची ती निवडणूक ३० जून २००९ ला राज्याच्या सुप्रीम कोर्टात संपली. फ्लोरिडात २००० च्या राष्ट्राध्यक्ष निवडणुकीत उलट झालं, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ९ डिसेंबरला मोजणी थांबवली, १२ डिसेंबरला ती कायमची बंद केली आणि ५३७ चा फरक तसाच राहिला.

शेवटच्या पानावर 'बरोबरी झाली तर' असं लिहून तिथला नियम खाली उतरवून घ्या. व्हर्जिनियात २०१७ ला एका जागेची फेरमोजणी एका मताने संपली होती, दुसऱ्या दिवशी न्यायाधीशांनी एक वादग्रस्त मत धरलं आणि दोघांना ११,६०८ – ११,६०८, मग ४ जानेवारी २०१८ ला भांड्यातून चिठ्ठी काढून आमदार ठरला. त्या एका मतपत्रिकेवर दोन्ही गोल भरलेले होते, आणि त्यातल्या एकावर तिरकी रेघ मारलेली होती.