जुन्या गाडीचे मीटर दुरुस्तीला देताना या चुका टाळा

गाडीचा रंग, गाद्या आणि क्रोम यांवर महिनोन्‌महिने काथ्याकूट करणारा माणूस डॅशबोर्डवरच्या मीटरांचा निर्णय मात्र एका फोनवर घेऊन टाकतो, हे इतक्या वेळा पाहिले आहे की आता त्याचे नवल वाटत नाही, नुसता कंटाळा येतो. फोनवरचे प्रश्नही ठरलेले असतात: किती पैसे पडतील आणि कधी मिळेल. खरे तर त्या फोनवर प्रश्न विचारायचे काम दुकानदाराचे असते. गाडी कोणती, टायर मूळ मापाचेच आहेत का, डिफरन्शियल (चाकांना गती पोहोचवणारा गिअरचा भाग) बदलले आहे का, बॅटरीचे कोणते टोक बॉडीला जोडलेले आहे, टाकीतला फ्लोट (पेट्रोलच्या पातळीबरोबर वर-खाली होऊन मीटरला ती कळवणारा भाग) मूळचा आहे की नंतर बसवलेला, यांपैकी एकही गोष्ट न विचारता जो लगेच "पाठवून द्या" म्हणतो, त्याच्याकडे मी काही पाठवत नाही.

सर्वांत मोठी चूक म्हणजे तबकडीची छायाचित्रे पाहून दुकान निवडणे. काळी कुळकुळीत तबकडी, पांढरेशुभ्र आकडे आणि काचेभोवतीची चकाकणारी कडी पाहिली की नवखा मालक विरघळतो. आकडे छापणे हेही कौशल्याचे काम आहे, पण ते डोळ्यांना दिसते, म्हणून त्यात फसवणूक करणे अवघड असते. तबकडीच्या मागे जे असते ते कोणी पाहत नाही, आणि नेमके तेथेच हात आखडता घेतला जातो.

बहुतेक जुन्या स्पीडोमीटरांचे तत्त्व १९०२ मध्ये ऑटो शुल्झे यांनी पेटंट घेतलेल्या रचनेचेच आहे. गिअरबॉक्समधून आलेली केबल एक चुंबक फिरवते; त्याच्याजवळ, पण त्याला न टेकता, ॲल्युमिनियमची एक वाटी असते; फिरत्या चुंबकामुळे वाटीत विद्युतप्रवाह निर्माण होऊन ती त्याच्यामागे ओढली जाते, आणि केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचून धरते. या ओढाताणीत काटा जेथे स्थिरावतो तो वेग. धावलेले अंतर दाखवणारा ओडोमीटरही त्याच केबलवर चालतो, परंतु त्याचा चुंबकाशी काहीही संबंध नसतो. तो निव्वळ दात्यांच्या चक्रांवर मोजतो. म्हणून वेगाचा काटा चुंबक कमी-जास्त भारून किंवा स्प्रिंग सरकवून जुळवता येतो, पण ओडोमीटर चुकत असेल तर चक्रे बदलण्यावाचून इलाज नसतो. एवढा फरक ध्यानात ठेवला तरी दुकानदाराच्या निम्म्या थापा आपोआप उघड्या पडतात.

माझ्या एका स्नेह्यांच्या ब्रिटिश गाडीत स्मिथ्स कंपनीचा स्पीडोमीटर होता. या मीटरांच्या तबकडीवर खाली बारीक अक्षरांत एक आकडा छापलेला असतो. एक मैल अंतरात केबलचे किती फेरे झाले पाहिजेत, ते तो सांगतो. यांच्या तबकडीवर १००० होते. एका दुकानातून मीटर इतका देखणा होऊन आला की त्यांनी तो आठवडाभर दिवाणखान्यातच मांडून ठेवला होता. गाडीत बसवल्यावर मात्र त्यांना वाटू लागले की इंजिनाचे फेरे चढतात, आवाज वाढतो, पण वेग त्या मानाने वाढत नाही. मेकॅनिकने क्लच घसरत असल्याचे निदान केले आणि क्लच प्लेट बदलली गेली. फरक पडला नाही. मग गिअरबॉक्स उतरवण्याची भाषा सुरू झाली, तेव्हा कोठे ते माझ्याकडे आले.

मी आधी ओडोमीटरचे विचारले. मोजलेल्या दहा मैलांच्या रस्त्यावर तो पावणेआठच्या थोडा पुढे जात होता. काटा आणि ओडोमीटर दोन्ही सारख्याच प्रमाणात मागे असतील तर चुंबकावर संशय घेण्याचे कारण उरत नाही. मीटर बाहेर काढून मागच्या चौकोनी भोकात केबलच्या आतल्या तारेचा तुकडा बसवला, त्याला कागदाचे निशाण चिकटवले आणि हाताने फिरवत मोजत बसलो. ट्रिप मीटरचा (एका प्रवासाचे अंतर मोजणाऱ्या छोट्या ओडोमीटरचा) मैलाच्या दशांशाचा आकडा शंभर फेऱ्यांना एक घर पुढे सरकायला हवा होता. तो सरकला एकशे अठ्ठावीस फेऱ्यांना. म्हणजे तबकडी मूळची होती आणि आतले यंत्र १२८० फेऱ्यांच्या, दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीच्या मीटरचे होते. गाडी ताशी ६० मैलांनी धावत असताना काटा ४७ च्या आसपास दाखवत होता. यंत्र धरून ठेवणाऱ्या स्क्रूंच्या खाचा चावल्यासारख्या झालेल्या होत्या आणि कड्याच्या आतल्या बाजूला पेचकसाने उचकटल्याचे दोन ओरखडे होते. दुकानदाराला विचारले तर उत्तर आले, "जुन्या गाडीत एवढा फरक चालायचाच." मूळ यंत्र परत मागितले तेव्हा ते सुट्या भागांत मोडले गेल्याचे कळले.

तेव्हापासून मी दोन गोष्टी लेखी मागतो. पहिली, मूळ यंत्र बदलणार असाल तर आधी विचारावे आणि काढलेले सर्व भाग पुडीत बांधून परत द्यावेत. दुसरी, किमान चार वेगांवर मीटरने काय दाखवले याचा कागद द्यावा, आणि त्यावर किती फेऱ्यांना एक मैल किंवा एक किलोमीटर धरला आहे ते लिहावे. पाठवण्यापूर्वी ओडोमीटरचा आकडा आणि मीटरच्या मागची सर्व अक्षरे यांची छायाचित्रे घेऊन ठेवावीत. अशी अट घातली की काही दुकानदार चिडतात, आणि ते चिडले की आपली निवड सोपी होते.

मीटर बिघडलाच नव्हता

दुसरी चूक मला पहिलीपेक्षाही जास्त छळते, कारण तिच्यात दुकानदाराचा दोष नसतो. मीटर बिघडलेला नसतानाच तो काढून दुरुस्तीला पाठवला जातो. पेट्रोलचा काटा आणि तापमानाचा काटा दोन्ही एकाच वेळी जास्त किंवा कमी दाखवू लागले, तर दोन स्वतंत्र मीटर एकाच दिवशी बिघडले असे समजणे हा भाबडेपणा आहे. १९६० च्या दशकापासूनच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत या दोन्ही मीटरांना सरासरी १० व्होल्ट पुरवणारा एक छोटा स्टॅबिलायझर असतो. तो डब्यातल्या, तापली की वाकणाऱ्या द्विधातू (दोन धातूंच्या) पट्टीच्या जोरावर प्रवाह जोडतो आणि तोडतो, आणि हे काम नीट व्हायला त्याच्या बाह्य आवरणाला चांगले अर्थिंग, म्हणजे गाडीच्या बॉडीशी विजेची पक्की जोडणी, मिळावे लागते. डॅशबोर्ड रंगवताना कोणी ते आवरण धरणाऱ्या स्क्रूखालीही रंग फासला, तर काटे टोकाला जातात आणि मालक मीटर पार्सल करतो. स्क्रूखालची जागा पॉलिश पेपरने घासायला पाच मिनिटे पुरतात.

फ्लोटच्या बाबतीतही हेच घडते. जुना फ्लोट गंजला म्हणून बाजारात मिळेल तो आणून बसवतात आणि मग काटा उलटा चालतो म्हणून मीटरला दोष देतात. जनरल मोटर्सच्या अनेक जुन्या गाड्यांत फ्लोटच्या विद्युतरोधाचे रिकाम्या टाकीला साधारण शून्य आणि भरलेल्या टाकीला ९० ओहम असे गणित असते; जुन्या फोर्डमध्ये ते उलटे, रिकाम्याला सुमारे ७३ आणि भरलेल्याला सुमारे १० असते; व्हीडीओ या मीटर बनवणाऱ्या कंपनीच्या नेहमीच्या पद्धतीत १० ते १८० असते. चुकीच्या फ्लोटबरोबर कितीही उत्तम मीटर खोटेच बोलणार. म्हणून चांगला कारागीर मीटरबरोबर फ्लोटही मागवतो, किंवा निदान मल्टिमीटरने मोजलेले त्याचे दोन आकडे मागतो. मल्टिमीटर वापरता येत नसेल तर आधी तेवढे शिकावे. त्याला एक संध्याकाळ लागते, पार्सल जाऊन-येऊन लागणाऱ्या काळापेक्षा पुष्कळ कमी.

टॅकोमीटरचेही, म्हणजे इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या मीटरचेही, असेच आहे. इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवल्यावर काटा नाचू लागला, तर तो मीटरचा रोग नाही. जुने काही टॅकोमीटर इग्निशनच्या तारेतून जाणाऱ्या प्रवाहाचे ठोके मोजतात आणि नव्या इग्निशनचे ठोके त्यांना ओळखीचे नसतात. गाडी पॉझिटिव्ह अर्थची निगेटिव्ह अर्थ केली असेल, म्हणजे बॅटरीचे बॉडीला जोडलेले टोक बदलले असेल, तर ते दुकानदाराला आधीच सांगावे.

तापमानाच्या मीटरची नळी

आता ज्या चुकीवर मी सहसा आवाज चढवतो ती. पुष्कळ जुन्या गाड्यांत तापमानाचा मीटर विजेवर चालत नाही. इंजिनात एक छोटा बल्ब (दिव्याचा नव्हे, बंद धातूची कुपी) असतो, त्यात ईथर हा चटकन उडून जाणारा द्रव भरलेला असतो, आणि बल्बपासून मीटरपर्यंत सुईच्या जाडीची तांब्याची नळी अखंड गेलेली असते. ईथर तापले की बाष्पाचा दाब वाढतो आणि मीटरमधली वाकडी नळी सरळ होऊ पाहते. युजेन बुर्दाँ यांनी १८४९ मध्ये शोधलेले हेच तत्त्व ऑइल प्रेशरच्या मीटरातही असते. बल्ब सिलिंडर हेडमध्ये अडकून बसला की घाईखोर माणूस "नंतर जोडू" म्हणून नळी कापतो. त्या क्षणी ईथर उडून जाते आणि चालता मीटर शोभेची वस्तू होतो. ही नळी वायर नव्हे. तिचे जोडकाम घरी होत नाही. बल्ब, नळी आणि ईथर पुन्हा भरून मीटर नव्याने जुळवून देणारी दुकाने थोडी असतात, आणि ती करतात म्हणणाऱ्यांपैकीही काही जण गुपचूप विजेवर चालणारे यंत्र आत बसवून मोकळे होतात. म्हणून नळी मूळ लांबीचीच राहील का आणि उकळत्या पाण्यात बल्ब बुडवून काटा तपासाल का, हे विचारून घ्यावे. बल्ब काढताना थंड इंजिनावर गंज सोडवणारे तेल टाकून रात्रभर थांबावे, आणि नट सोडवताना नळी नटाबरोबर पीळ खात नाही ना याकडे दर चतुर्थांश फेऱ्याला पाहावे. धीर नसेल तर बल्ब हेडमध्येच राहू द्यावा आणि मीटर डॅशबोर्डमध्येच राहू द्यावा.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. सहा मीटरांपैकी दोनच पाठवू नयेत. नव्या काळ्याशेजारी जुना काळा राखाडी दिसतो. काटा थरथरतो म्हणून मीटर उघडण्याआधी केबल पाहावी. तिला तीव्र वळण पडले असेल तर मीटर निर्दोष असतो. केबलला वरच्या टोकापर्यंत ग्रीस फासणे हा आणखी एक लाडका उद्योग आहे: आतली तार पीळदार असल्यामुळे ती फिरताना ग्रीस वर चढवते, ते वाटी आणि चुंबक यांच्यामध्ये जाते, आणि काटा वाटेल तिकडे धावतो. मीटरकडची वीतभर तार मी कोरडीच ठेवतो. मागच्या भोकातून फवाऱ्याचे तेल मारणाऱ्यांशी मी वाद घालणे सोडून दिले आहे.

कड्याची घडी उलगडून काच काढावी लागते अशा मीटरांत तो पातळ पत्रा पुन्हा पुन्हा वाकवणे सोसत नाही. तुम्ही घरी "जरा आत डोकावून" पाठवलेल्या मीटराचे कडे दुकानात तुटले, तर त्याचा दोष दुकानदाराला देऊ नये.

काही फार जुन्या, विशेषतः लष्करी गाड्यांच्या तबकड्यांवर रेडियमचा रंग असतो. तो अंधारात चमकत नाही म्हणून निर्धोक झाला असे समजू नये. थकलेले असते ते चमकणारे झिंक सल्फाइड, रेडियमचे अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षांचे आहे. अशी तबकडी घरी खरवडू नये आणि काच उघडू नये, कारण ती धूळ श्वासातून जाणे हाच खरा धोका आहे. मीटर पाठवण्याआधी दुकानदाराला ते स्पष्ट सांगावे. ऐकून जो म्हणेल "काही होत नाही, घासून टाकतो", त्याला दुसरे कोणतेही कामही देऊ नये.

तबकडी मुळात चांगली असेल तर ती रंगवूच नये, असे माझे मत आहे. किंचित पिवळसर झालेले मूळचे आकडे कोणत्याही नव्या छपाईपेक्षा गाडीला शोभतात, आणि नव्या छपाईत आकड्यांची जाडी किंवा रेघांमधले अंतर जरा चुकले तरी जाणकाराची नजर तेथेच अडते. "फक्त स्वच्छ करा, यंत्र तपासा आणि तबकडीला हात लावू नका" असे सांगितल्यावर जे दुकान ते काम आनंदाने घेते, ते मला आवडते. तबकडी नवी करायचीच असेल, तर त्याच कंपनीच्या आणि त्याच काळाच्या मीटराचा आधीचा नमुना प्रत्यक्ष मागावा, आणि छपाई दुकानात होते की बाहेरून करून घेतली जाते तेही विचारावे.

पार्सल बांधताना प्रत्येक मीटर स्वतंत्र गुंडाळावा, नळी मोठ्या वेटोळ्यात ठेवावी आणि खोक्यात खोके घालावे. परत आल्यावर मीटर लगेच डॅशबोर्डमध्ये बसवू नयेत. आधी विजेचे मीटर बाहेरच तारा जोडून तपासावेत आणि तापमानाच्या बल्बला गरम पाणी दाखवावे. नंतर स्पीडोमीटर केबलवर लावून मोजलेल्या रस्त्यावर ओडोमीटर जुळतो का ते पाहावे आणि मगच त्याची पावती दुकानदाराला पाठवावी.