न्यू जर्सीत वस्तीत मशीद बांधताना येणाऱ्या हरकतींना तोंड कसे द्यावे

घरांच्या वस्तीत मशिदीचा अर्ज पडला की सुनावणीला गर्दी होते आणि माइकवर येणारा जवळजवळ प्रत्येक जण पार्किंगबद्दल बोलतो. पोटात काय आणि ओठावर काय हा वेगळा प्रश्न, पण बोर्डाला, म्हणजे अर्जावर निर्णय देणाऱ्या स्थानिक मंडळाला, नकाराची कारणे लेखी द्यावी लागतात आणि लेखी टिकतात त्या गाड्यांच्या, पावसाच्या पाण्याच्या आणि दिव्यांच्या हरकती. म्हणून समितीने पहिले पैसे घुमटाच्या चित्रावर न घालवता गाड्या मोजण्यावर घालवावेत. मंदिर समितीलाही याच जमीनवापराच्या कायद्याने, अशाच बोर्डांपुढे जावे लागते, तेव्हा पुढचे बरेचसे तिथेही उपयोगी पडेल.

जागा घेण्याआधी झोनिंग वाचा

प्रार्थनास्थळ त्या झोनमध्ये थेट चालते, काही अटींवर चालते की चालतच नाही, हे टाउनशिपच्या (स्थानिक नगरपालिकेच्या) झोनिंग नियमावलीत पाहा; कुठल्या भागात काय बांधता येते हे त्यात असते. थेट चालत असेल तर साइट प्लॅनची मंजुरी पुरते आणि साधे बहुमत लागते. अटींपैकी एक जरी सुटली, समजा सहा एकर हवे तिथे तुमचे चारच आहेत, तर सात जणांच्या झोनिंग बोर्डाकडून ‘डी’ व्हेरियन्स, म्हणजे नियमातून खास सूट, घ्यावा लागतो. त्याला पाच होकारार्थी मते लागतात. हजर कितीही असोत, आकडा पाचच. त्या रात्री पाचच सदस्य आले असतील तर एकाही नकाराने अर्ज पडतो, म्हणून वकिलाने मतदान पुढच्या तारखेला मागून घ्यावे. गैरहजर सदस्याने रेकॉर्डिंग ऐकून किंवा सुनावणीची शब्दशः नोंद वाचून तसे लेखी दिले तर त्याला पुढे मत देता येते. एक जमेची बाजू अशी, की न्यू जर्सीत प्रार्थनास्थळ मुळातच लोकोपयोगी मानले जाते. तिथे राज्याच्या सुप्रीम कोर्टाच्या १९९२ च्या ‘सिका’ निकालाप्रमाणे फायदा आणि त्रास तराजूत घालतात, आणि त्रास अटी घालून कमी करता येतो का हेही पाहतात.

संस्था नोंदणीकृत असेल तर बोर्डापुढे वकील लागतोच. समितीतल्या जाणत्या काकांनी उभे राहून चालत नाही. बोर्डाच्या इंजिनिअरची आणि प्लॅनरची फीही अर्जदाराने आगाऊ भरलेल्या एस्क्रो (अनामत) खात्यातून जाते. प्रत्येक वाढीव सुनावणीला ते खाते पुन्हा भरावे लागते.

गाड्यांचा हिशेब

न्यू जर्सीतल्याच बास्किंग रिजच्या मशिदीचे प्रकरण नीट समजून घ्या. बर्नार्ड्स टाउनशिपमधली ती जागा चार एकरांची होती आणि त्या झोनमध्ये प्रार्थनास्थळाला परवानगी होती. अर्ज २०१२ मध्ये गेला, ३९ सुनावण्या झाल्या आणि २०१५ च्या डिसेंबरात नकार आला. टाउनशिपच्या नियमात तीन माणसांमागे एक जागा होती, म्हणजे १५० नमाजींना ५०. मशिदीसाठी बोर्डाने १०७ मागितल्या. ३१ डिसेंबर २०१६ ला फेडरल न्यायाधीशांनी ही वागणूक असमान ठरवली आणि २०१७ मध्ये टाउनशिपने ३२.५ लाख डॉलर देऊन तडजोड केली. कायदा बाजूने असूनही पाच वर्षे गेली. नियमाने ५० पुरत असतील तर १०७ ला मान डोलवू नका, पण खरी गर्दी किती हे स्वतः मोजलेले हवे.

सध्या जुम्मा (शुक्रवारची दुपारची सामूहिक नमाज) जिथे भाड्याच्या हॉलमध्ये होतो तिथे लागोपाठ चार शुक्रवार साडेबारा ते अडीच, दर १५ मिनिटांनी उभ्या गाड्या आणि आत आलेली माणसे मोजा. रमजानमधला एखादा शुक्रवार त्यात असू द्या, नाहीतर विरोधी वकील पहिला प्रश्न तोच विचारील. घड्याळ पुढे गेले की जुम्मा एकच्या पुढे सरकतो, तेव्हा उन्हाळ्याचीही एक मोजणी ठेवा.

हॉलची क्षमता सफेवरून, म्हणजे नमाजींच्या रांगेवरून, काढा. एका नमाजीला साधारण दोन फूट रुंदी आणि चार फूट खोली, म्हणजे आठ चौरस फूट लागतात. १,२०० चौरस फुटांत १५० जण मावतात. इथे हमखास घोळ होतो तो असा: आर्किटेक्ट सवयीने खुर्च्यांच्या सभागृहाचा सात चौरस फुटांचा हिशेब लावून नकाशावर १७१ लिहितो आणि ट्रॅफिकच्या अहवालात १५० असतात. दोन कागदांवर दोन आकडे दिसले की उलटतपासणीची अख्खी रात्र त्यात जाते. बायकांचा विभाग वेगळा असेल तर तो एकूण आकड्यात धरा, आणि तळघरातल्या हॉलमध्ये त्याच वेळी दुसरा कार्यक्रम होणार नाही हे अर्जातच लिहा.

जुम्म्याच्या दोन जमाती (एकामागून एक दोन सामूहिक नमाजा) करायच्या असतील तर सुरुवातींमध्ये किमान ७५ मिनिटे ठेवा. खुतबा (प्रवचन) आणि नमाज मिळून ३५, गाड्या बाहेर पडायला १५, पुढच्यांना यायला २० ते २५. याहून कमी ठेवले की पहिल्या जमातीच्या गाड्या निघायच्या आत दुसऱ्या जमातीच्या रस्त्यावर उभ्या राहतात, आणि शेजारी त्याचाच फोटो आणतात. ईदचा प्रश्न वेगळा आहे: वर्षातून दोनदा दुसरीकडे मोठा हॉल घेऊ, असे साक्षीत सांगून टाकावे.

पाणी, दिवे, आवाज

नऊ बाय अठरा फुटांची एक जागा गाडी वळवण्याच्या वाटेसह सव्वातीनशे चौरस फूट खाते. १०७ जागा म्हणजे पाऊण एकराहून जास्त डांबर. पाव एकर नवे डांबर झाले की राज्याचे पावसाच्या पाण्याचे नियम लागू होतात. मातीत पाणी किती मुरते याची चाचणी आधी करा. पाणी साठवायच्या तळ्याला नंतर जागा शोधणे म्हणजे पार्किंग पुन्हा आखणे.

जूनमध्ये फज्रची (पहाटेच्या नमाजेची) वेळ चारच्या आसपास आणि इशा (रात्रीची नमाज) दहाच्या पुढे जाते, त्यामुळे हेडलाइटची तक्रार खोटी नसते. शेजाऱ्याच्या खिडकीच्या दिशेला सहा फुटांचे कुंपण आणि बारमाही हिरवी झाडे दाखवा, आणि या दोन वेळांना दर्शनी जागेतच गाड्या लावू असे लिहा. अजान फक्त इमारतीच्या आत होईल ही अट तुम्हीच देऊ करा.

नोटीस आणि सुनावणी

२०० फुटांच्या आतल्या मालकांची यादी टाउनशिपकडून घ्या. मागितल्यावर सात दिवसांत ती मिळायला हवी. सुनावणीच्या किमान दहा दिवस आधी सर्टिफाइड टपालाने किंवा हातोहात नोटीस द्या. एक नाव सुटले तरी सुनावणी नव्याने घ्यावी लागू शकते. सुधारित नकाशेही दहा दिवस आधी बोर्डाच्या कार्यालयात हवेत. दर तारखेला नवा नकाशा आणू नका: तो आला की नवे शेरे येतात आणि तारखा वाढत जातात.

तुम्ही शेजारी असाल आणि नोटीस तुमच्या घरी आली असेल तर तुम्हालाही शपथेवर बोलता येते आणि तज्ज्ञांना प्रश्न विचारता येतात. सह्यांच्या अर्जाला पुरावा म्हणून फारसे वजन नसते, कारण त्याची उलटतपासणी होत नाही. आपल्या अंगणात पाणी कुठून येते याचा तारखेसह फोटो त्याहून खूप मोलाचा. इथे कोण प्रार्थना करणार यावर बोललात तर ते बोर्डाला विचारात घेता येत नाही, आणि तुमचे वाक्य मात्र सुनावणीच्या नोंदीत राहते. पुढे फेडरल खटला झालाच तर भेदभावाचा पुरावा म्हणून ते उघडले जाते. २००० चा धार्मिक वास्तूंच्या जमीनवापराचा कायदा त्यासाठीच आहे.

मतदानानंतर लेखी ठराव येतो. निकाल प्रसिद्ध झाल्यापासून ४५ दिवसांत राज्याच्या सुपिरियर कोर्टात जाता येते. ही मुदत शेजाऱ्यालाही आहे, म्हणून मंजुरी मिळाली तरी हे ४५ दिवस उलटेपर्यंत कंत्राटदाराला आगाऊ रक्कम देऊ नये.