ओढ्यात विष्ठा कुठून येते? पावसाळ्यात असा काढा माग

पावसाळ्यात ओढ्याच्या पाण्याचा तपास अहवाल वाईट आला, की बोट पहिल्यांदा वरच्या अंगाच्या गोठ्याकडे जाते. पण ई. कोलाय हा जिवाणू माणूस, गुरे, शेळ्या, कुत्री, रानातले प्राणी, पाणपक्षी अशा सगळ्यांच्याच विष्ठेत असतो. १०० मिलिलिटर पाण्यात तो किती आहे एवढेच नेहमीची तपासणी सांगते. तो कोणाकडून आला, हे त्या आकड्यात नसते. म्हणून एकाच बाटलीवरून कोणाशी भांडण काढू नये.

आधी 'कधी' ते पाहा. दोन-तीन दिवस उघडीप असताना एकदा नमुने घ्यावेत आणि चांगला पाऊस होऊन पाणी चढत असताना पुन्हा, त्याच जागांवर. उघडिपीतही आकडा मोठा असेल तर घाण थेट पाण्यात पोहोचते आहे: गळकी सेप्टिक टाकी, ओढ्यात सोडलेला पाइप किंवा पाण्यात उभी राहणारी जनावरे. उघडिपीत कमी आणि पावसात एकदम जास्त असेल, तर उतारावरून वाहून येणाऱ्या गोष्टी तपासा. उकिरडा, गोठ्यापुढचे अंगण, नुकतेच शेणखत पसरलेले रान, उघड्यावरचे शौच या त्यातल्या मुख्य.

इथे एक फसगत होते. ओढ्याच्या तळच्या गाळात ई. कोलाय अनेक आठवडे तग धरतो. जोराच्या प्रवाहाने किंवा जनावरांच्या पायांनी गाळ ढवळला, की जुनी घाण नवी म्हणून वर येते. ज्या टप्प्यात बाहेरून काहीच येऊन मिळत नाही, तिथेही पावसात आकडा वाढला, तर संशय गाळावर घ्यावा.

जागा ठरवताना प्रत्येक संशयास्पद ठिकाणाच्या वर एक आणि खाली एक नमुना हवा. येऊन मिळणाऱ्या छोट्या नाल्याचा नमुना संगमाच्या आधी घ्यावा. सगळे एकाच दिवशी उरका आणि खालून वर चालत जा, म्हणजे तुमच्याच पायांनी ढवळलेले पाणी पुढच्या बाटलीत येणार नाही. जिथे आकडा उडी मारतो तेवढाच टप्पा पुढच्या वेळी आणखी बारीक तपासावा.

बाटली निर्जंतुक असावी आणि ती ओढ्याच्या पाण्याने विसळू नये. तोंड प्रवाह जिकडून येतो तिकडे, म्हणजे वरच्या अंगाला धरून, पृष्ठभागाच्या खालून, तळाला न लागता भरावी. भरलेली बाटली लगेच बर्फात ठेवा आणि ६ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवा. उन्हात जिवाणू मरतात, उबेत वाढू शकतात. दोन्हीकडून आकडा खोटा ठरतो. पाणी काळे पडले की दूषित, अशी जी बाटली मिळते ती पिण्याच्या पाण्याला ठीक आहे. ओढ्यात ती बहुतेक काळीच पडणार, तिच्यावर खर्च करू नये.

घरांच्या सांडपाण्याचा संशय असेल तर स्वस्त युक्ती आहे. ब्लीच न केलेला कापूस जाळीत बांधून काही दिवस प्रवाहात ठेवावा, सावलीत वाळवावा आणि अंधारात अतिनील दिव्याखाली पाहावा. धुण्याच्या पावडरीतले उजळपणा देणारे द्रव्य त्यावर बसले असेल तर तो निळसर चमकतो. कोरा कापूस आधीच चमकत नाही ना, हे पाहून घ्या. जिथे संडासाच्या खड्ड्यात धुण्याचे पाणी जात नाही, तिथे ही युक्ती काही दाखवणार नाही.

डीएनए तपासणी महाग असते. टप्पा आखूड झाल्यावरच करावी. तिच्यात माणसाच्या आतड्यातले जिवाणू रवंथ करणाऱ्यांच्या जिवाणूंपासून वेगळे ओळखता येतात. पण गाय की शेळी, हे दरवेळी सांगता येत नाही. दोन प्रकारच्या जिवाणूंच्या प्रमाणावरून माणूस की जनावर ठरवण्याची जुनी पद्धत भरवशाची नाही, ती कोणी सुचवली तरी सोडून द्या.

निकाल येईपर्यंत थांबायची गरज नाही. पावसाचा अंदाज असताना शेणखत पसरू नका. उकिरडा ओढ्यापासून दूर, झाकून ठेवा आणि वरून येणारे पाणी चर काढून बाजूने वळवा. जनावरांसाठी काठापासून लांब हौद करा. लहान वासरांचे शेण तर ओढ्याकडे अजिबात जाऊ देऊ नये, कारण क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी त्यांच्याकडून जास्त पसरतो आणि क्लोरीनने सहसा मरत नाही. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पालेभाज्यांवर हे पाणी तुषाराने मारू नका.

दुरुस्ती झाली, की त्याच जागांवर, उघडिपीत आणि पावसात, पुन्हा नमुने घ्या.