ह्यूज पेजवरून चालणारा पॅच तपासताना

पेज टेबलवर, म्हणजे कुठला पत्ता मेमरीत कुठे आहे त्या नोंदींच्या तक्त्यावर, चालणारा पॅच (कोडमधला सुचवलेला बदल) तपासायला हातात आला की लगेच डिफ, म्हणजे बदललेल्या ओळी, वाचायला घेऊ नका. आधी लिनक्स कर्नलच्या एमएम (मेमरी मॅनेजमेंट) फोल्डरमधली पेजवॉक ही फाइल उघडा आणि त्यातलं ‘वॉक_पीएमडी_रेंज’ हे फंक्शन निवांत वाचा. पॅचमध्ये फक्त कॉलबॅक, म्हणजे तक्ता चालत जाणाऱ्या कोडने (वॉकरने) नोंदींवर बोलवायची फंक्शन्स, दिसतात. त्यांना कोण बोलावतं, केव्हा बोलावतं आणि तेव्हा हातात कुठलं लॉक असतं, ते तिथे कळतं.

इंदूरला रामबागेत आमच्या घरी रविवारी कॉलेजची काही मुलं कर्नल वाचायला बसतात. त्यातल्या एकीने सरावाला पॅच लिहिला होता: प्रोसेसची किती पेजेस कुठल्या न्यूमा नोडवर (ठरावीक प्रोसेसरच्या जवळच्या मेमरीत) आहेत ते मोजायचं. कॉलबॅक एकच, ‘पीटीई_एंट्री’; पीटीई म्हणजे तक्त्यातली सगळ्यात खालची, एका लहान पेजची नोंद. “काका, आकडे बरोबर येतायत.” आकडे बरोबरच होते. मी म्हटलं, “आता मोजणीच्या आधी आणि नंतर स्मॅप्समधलं ‘ॲनॉनह्यूजपेजेस’ बघ.” स्मॅप्स ही प्रोसेसच्या मेमरीचा हिशेब देणारी फाइल; तिच्या या ओळीत ह्यूज पेजने जोडलेली मेमरी दिसते. आधी 2048 केबी, नंतर शून्य!

‘पीटीई_एंट्री’ दिली की वॉकरला खालच्या पातळीपर्यंत जावंच लागतं. वाटेत ह्यूज पीएमडी (अख्खं ह्यूज पेज थेट दाखवणारी, एक पातळी वरची नोंद) आली तर तो ती फोडतो, आणि 2 एमबीच्या एका नोंदीच्या जागी 4 केबीच्या 512 नोंदी होतात. मेमरीतलं पेज अखंड राहतं, पण मॅपिंग तुटतं आणि टीएलबीचा (पत्त्यांची भाषांतरं साठवणाऱ्या प्रोसेसरमधल्या कॅशचा) फायदा जातो. नुसतं मोजणाऱ्या कोडने असं करणं मला अजिबात मान्य नाही. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा: ‘पीएमडी_एंट्री’ आहे का, आणि ह्यूज पेज तिथल्या तिथे हाताळलंय का? खात्री करायला व्हीएमस्टॅट या कर्नलच्या आकडेवारीतला ‘टीएचपी_स्प्लिट_पीएमडी’ हा काउंटर वाढतो का तेही बघा.

यानंतर लॉक. सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या. ‘पीएमडी_ट्रान्स_ह्यूज’ (नोंद ह्यूज आहे का) तपासून नोंदीतून थेट पेज मिळवलेलं दिसलं की थांबा. एमॅप लॉक (प्रोसेसच्या मेमरीच्या नकाशाचं लॉक) रीडसाठी घेतलंय म्हणून नोंद जागची हलणार नाही, असं नसतं. त्याच वेळी दुसरा थ्रेड ‘एमॲडव्हाइज’ला डोन्टनीड (ही मेमरी आता नको) सांगून ती नोंद रिकामी करू शकतो, कारण त्यालाही रीड लॉकच पुरतं. ‘पीएमडी_ट्रान्स_ह्यूज_लॉक’ हे लॉक घेतल्यावर नोंद पुन्हा तपासतं, म्हणून तेच हवं. ते मिळालं तरी ‘पीएमडी_प्रेझेंट’ बघायलाच हवं: 2017 च्या 4.14 पासून ह्यूज पीएमडीत मायग्रेशनची (पेज दुसरीकडे हलवलं जात असतानाची) नोंदही असू शकते, आणि तिच्यावर ‘पीएमडी_पेज’ चालवलं तर हाती कचरा येतो.

ह्यूज नसेल तर कोड खालच्या नोंदी लॉक करून देणाऱ्या ‘पीटीई_ऑफसेट_मॅप_लॉक’कडे जातो. 2023 च्या 6.5 पासून ते नल (रिकामा पॉइंटर) देऊ शकतं. नल आल्यावर पॅच काय करतो? नुसतं परत फिरणं म्हणजे 2 एमबीचा तुकडा गुपचूप गाळणं. ‘ॲक्शन_अगेन’ लावून वॉकरला तीच नोंद पुन्हा बघायला लावलेलं हवं.

मोजणीत सरसकट 512 मिळवलेले दिसले तर कागदावर एक उदाहरण मांडा. रेंज ह्यूज पेजच्या मधून, 1 एमबीनंतर सुरू होत असेल तर 256 च मोजायची. कॉलबॅकला मिळणारे सुरुवातीचे आणि शेवटचे पत्ते त्यासाठीच असतात.

ह्यूजटीएलबीचं, म्हणजे प्रोग्रामने मुद्दाम मागून घेतलेल्या ह्यूज पेजेसचं, खातं वेगळं. ‘ह्यूजटीएलबी_एंट्री’ दिली नसेल तर वॉकर तो भाग काही न बोलता सोडून देतो. दिली असेल तर आकार 2 एमबीच धरलाय का ते बघा: एक्स86-64 वर 1 जीबीही असतो, आर्म64 वर 4 केबीच्या बेस पेजसोबत 64 केबी आणि 32 एमबीही.

चालवून बघताना कर्नल कॉन्फिगमध्ये डीबग व्हीएम आणि प्रूव्ह लॉकिंग हे चुका पकडणारे पर्याय सुरू ठेवा. ट्रान्सपरंट ह्यूज पेज (कर्नल स्वतःहून देतो ती) बंद करूनही एकदा बिल्ड करा.

अभिप्रायात “इथे रेस वाटते” एवढंच लिहू नका. डावीकडे पहिला थ्रेड, उजवीकडे दुसरा, आणि कोणती ओळ कोणत्या ओळीनंतर चालली की बिघडतं, ते क्रमाने मांडा; पॅच लिहिणाऱ्याचे कष्ट वाचतात. मायग्रेशनची वाट तपासली नसेल तर ‘रिव्ह्यूड-बाय’ (मी तपासलं अशी सही) देऊ नका. फक्त चालवून पाहिलं असेल, तर त्यासाठी ‘टेस्टेड-बाय’ आहे.